भिवंडीतील सार्वजनिक वाहतूक आणि कामगार

भिवंडी हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, कामवारी नदीकाठी वसलेले औद्योगिक शहर आहे. यंत्रमाग व्यवसाय आणि शहराभोवतीच्या गावांत उभी राहिलेली गोदामे हे येथील अर्थव्यवस्थेचे दोन मुख्य आधार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका २००१ च्या डिसेंबरात अस्तित्वात आली. मात्र त्यानंतरच्या दोन दशकांत शेजारच्या ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीप्रमाणे तिचा स्वतःचा परिवहन उपक्रम उभा राहिला नाही. मुंबईच्या उपनगरी लोकलचे जाळेही शहरापर्यंत पोहोचलेले नाही. त्यामुळे येथील कामगारांचा दैनंदिन प्रवास प्रामुख्याने शेअर रिक्षा, राज्य परिवहन महामंडळाच्या (एसटी) गाड्या, शेजारच्या शहरांच्या बसगाड्या आणि पायपीट यांवर अवलंबून राहिला.

मालवाहतुकीच्या दृष्टीने भिवंडी हे पश्चिम भारतातील अत्यंत सोयीचे ठिकाण मानले जाते. माणसांच्या वाहतुकीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. येथील सार्वजनिक वाहतूक आणि कामगारांचे हक्क हे दोन्ही प्रश्न या विसंगतीशी जोडलेले आहेत.

पार्श्वभूमी

भिवंडीत हातमागाची परंपरा जुनी आहे. उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची येथे मोठी वस्ती झाली. पुढे तेलुगू भाषक पद्मशाली विणकरही स्थायिक झाले, आणि पद्मानगरसारख्या वस्त्या त्यांच्यामुळे ओळखल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागांची जागा यंत्रमागांनी घेण्यास सुरुवात केली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागेही घेतला गेला नाही. या काळात गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. गिरणगावातील कामगाराला कायद्याने आणि संघटनेच्या बळावर मिळालेले संरक्षण मात्र त्या कामाबरोबर भिवंडीत आले नाही.

याचे कारण उद्योगाच्या रचनेत आहे. यंत्रमागांचे बहुतेक कारखाने लहान असतात. एकाच छपराखालील माग वेगवेगळ्या नावांवर नोंदवलेले किंवा भाड्याने दिलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कारखाने अधिनियम, १९४८ हा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक कामगार असतील तर लागू होत असे. मागांची अशी विभागणी केली की प्रत्येक तुकडा या मर्यादेच्या खाली राहतो. कामगाराला मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते आणि काम साधारणतः बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालते. विणकराखेरीज कांडी भरणारे, बीम भरणारे, सायझिंगमध्ये राबणारे आणि तयार तागे वाहणारे हमाल असे अनेक प्रकारचे श्रमिक या व्यवसायात आहेत. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्यांचे प्रमाण त्यांत मोठे आहे.

मजुरी आणि प्रवास यांचा संबंध येथे थेट आहे. बारा तासांची पाळी केलेल्या माणसाला रोजच्या प्रवासात आणखी दोन तास घालवणे परवडत नाही. मीटरवर मजुरी असल्याने उशिरा पोहोचलेला प्रत्येक तास कमाईतून वजा होतो. म्हणून यंत्रमाग कामगार मागाच्या जवळच, दाटीवाटीच्या चाळींत किंवा धोकादायक झालेल्या इमारतींत राहणे पसंत करतो. पसंत करतो यापेक्षा त्याला तसे राहणे भाग पडते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाका परिसरातील जिलानी इमारत कोसळून ३८ हून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांची चर्चा सहसा बांधकामाचा दर्जा आणि अनधिकृत मजले यांपुरती होते. स्वस्त आणि भरवशाची वाहतूक नसल्यामुळे कामाच्या ठिकाणाजवळच्या कोणत्याही खोलीला भाडेकरू मिळतो, हे त्यामागचे एक कारण क्वचितच विचारात घेतले जाते.

गोदामांचा विस्तार

मुंबईत जकात लागू असताना शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवून गरजेनुसार आत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. मुंबई-नाशिक महामार्ग, जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे रस्ते आणि तुलनेने स्वस्त शेतजमीन यांमुळे काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकातीचे कारण उरले नाही, पण गोदामे कमी झाली नाहीत, उलट वाढली. राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याऐवजी एकाच ठिकाणी मोठे गोदाम ठेवणे कंपन्यांना स्वस्त पडू लागले. ऑनलाइन विक्रीच्या वाढीने त्यात भर घातली, आणि हा पट्टा पडघा-वडपेच्या दिशेने पसरत गेला.

या पट्ट्यातील बहुतेक गावे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. २००७ मध्ये ६० गावांच्या ‘भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्रा’साठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. बांधकाम परवानगीचा अधिकार प्राधिकरणाकडे, गावातील सोयी ग्रामपंचायतीकडे, महामार्ग वेगळ्या यंत्रणेकडे आणि शहर महानगरपालिकेकडे, अशी विभागणी त्यामुळे झाली. शांतीनगरात राहून काल्हेरच्या गोदामात कामाला जाणाऱ्या मजुराच्या प्रवासाची जबाबदारी यांपैकी एकाही संस्थेवर स्पष्टपणे येत नाही.

माल मात्र अशा हद्दींत अडकत नाही. २०२० मध्ये मध्य रेल्वेने भिवंडी रोड स्थानक पार्सल वाहतुकीसाठी विकसित केले आणि तेथून पूर्व व ईशान्य भारताकडे पार्सल गाड्या सोडण्यास सुरुवात केली. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग नागपूरहून निघून भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. या ७०१ किलोमीटरच्या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

वाहतुकीची साधने

रेल्वे. भिवंडी रोड हे स्थानक मध्य रेल्वेच्या दिवा-वसई मार्गावर, शहराच्या दक्षिणेस अंजूरफाट्याजवळ आहे. हा मार्ग पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडतो. त्यामुळे त्यावर मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची वर्दळ मोठी असते. स्थानिक प्रवाशांसाठी मेमू गाड्या आहेत, पण त्यांच्या फेऱ्या मोजक्या आहेत. दर काही मिनिटांनी येणारी उपनगरी लोकल आणि दिवसातून ठरावीक वेळी येणारी मेमू यांत मोठा फरक आहे. एक गाडी चुकली तरी दुसरी मिळेल, या खात्रीवर मुंबईतील कामगाराचा दिवस आखलेला असतो. भिवंडीच्या कामगाराला तशी खात्री नाही.

एसटी. महाराष्ट्रातील सरकारी बससेवेचा प्रारंभ १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर झाला. पुढे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० अन्वये महामंडळ स्थापन झाले. भिवंडी आगार एसटीच्या ठाणे विभागात येते. ठाणे, कल्याण, वाडा आणि आसपासच्या खेड्यांशी शहराला जोडण्याचे काम मुख्यतः एसटीने केले आहे. एसटी ही मूलतः गावे आणि तालुके जोडणारी सेवा आहे. शहरातील नाक्या-नाक्यावर थांबणाऱ्या, दर दहा मिनिटांनी सुटणाऱ्या सेवेसाठी तिची रचना झालेली नाही. तिची उणीव दाखवताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण शहरी सेवा देणे हे मुळात तिचे काम नव्हते.

शेजारच्या शहरांच्या बसगाड्या. ठाणे महानगरपालिकेची परिवहन सेवा १९८९ मध्ये सुरू झाली. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचाही परिवहन उपक्रम आहे. या उपक्रमांच्या काही गाड्या भिवंडीकडे येतात. मात्र ज्या शहराचे करदाते त्या उपक्रमाचा तोटा सोसतात, त्या शहराच्या गरजेला प्राधान्य मिळणे स्वाभाविक असते. गाड्यांची चणचण भासली की हद्दीबाहेरच्या फेऱ्यांना सर्वांत आधी कात्री लागते.

रिक्षा. शहरांतर्गत प्रवासाचा कणा शेअर रिक्षा हाच आहे. कल्याण नाका, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा, एसटी स्थानक अशा ठिकाणांहून ठरलेल्या मार्गांवर त्या चालतात. सीट भरल्याशिवाय रिक्षा सुटत नाही, आणि चालकाशेजारी चौथा प्रवासी बसवण्याची पद्धत मुंबई महानगर प्रदेशातील अनेक शहरांप्रमाणे येथेही आहे. परवान्यानुसार तीनच प्रवासी नेता येतात. अपघात झाल्यास जादा प्रवाशाच्या भरपाईवरून विमा कंपनीशी वाद उद्भवू शकतो. रिक्षाचे भाडे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ त्याच्या आठवडाभर आधी, २५ जानेवारी २०२५ पासून लागू झाली होती.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. ठाणे किंवा वाड्याला जाणाऱ्या स्त्रियांना या सवलतीचा लाभ होतो. परंतु कांडी भरण्यासाठी किंवा गोदामात पॅकिंगसाठी रोज शहरातल्या शहरात ये-जा करणारी स्त्री शेअर रिक्षाने जाते आणि पूर्ण भाडे देते. जेथे सरकारी गाडी धावत नाही, तेथे सरकारी सवलतही पोहोचत नाही.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने (१९४९ चा मूळ मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) महानगरपालिकेची कामे दोन गटांत विभागली आहेत. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. सार्वजनिक वाहतूक मात्र कलम ६६ मधील स्वेच्छाधीन बाबींत मोडते. महानगरपालिकेने परिवहन उपक्रम सुरू केला तर त्यासाठी परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, स्वतंत्र अर्थसंकल्प अशी सविस्तर व्यवस्था कायद्यात आहे. सुरू केला नाही तर मात्र नागरिकाला त्यासाठी दाद मागता येत नाही. भिवंडीसारख्या मर्यादित उत्पन्नाच्या महानगरपालिकेने तोट्याची हमी असलेली ऐच्छिक जबाबदारी टाळली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे, असे तत्त्व मांडले. पंतप्रधान ई-बस सेवा योजनेला १६ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येची शहरे तिच्या कक्षेत येतात. या योजनेत १०,००० विजेवरील बसगाड्या प्रस्तावित असून संघटित बससेवा नसलेल्या शहरांना प्राधान्य देण्याचे ठरले. भिवंडीची लोकसंख्या या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे.

चालक आणि वाहकांचे हक्क

सार्वजनिक वाहतुकीवर अवलंबून असलेला प्रवासी जसा कामगार आहे, तसा ती चालवणाराही कामगार आहे. त्याच्या हक्कांची स्थिती मात्र तो कोणती गाडी चालवतो यावर ठरते.

एसटीचे चालक-वाहक हे महामंडळाचे कायम कर्मचारी असून त्यांच्या संघटना जुन्या व मान्यताप्राप्त आहेत. तरीही राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे वेतन कमी राहिले. २०१७ च्या दिवाळीत ते चार दिवस संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तो संप बेकायदेशीर ठरवला. करोना काळात उत्पन्न घटल्याने पगार रखडले, राज्यभरात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आंदोलन भडकले. नोव्हेंबरमध्ये राज्यातील सुमारे २५० आगारे बंद पडली. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, ही मुख्य मागणी होती. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरणाच्या विरोधात मत दिले. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिल्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेला हा संप मिटला. विलीनीकरण झाले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला. तो दुसऱ्याच दिवशी, मूळ वेतनात ६,५०० रुपयांच्या वाढीवर मिटला.

दीर्घ संपाचा भिवंडीसारख्या शहरावर होणारा परिणाम मुंबईपेक्षा वेगळा असतो. मुंबईत बेस्टच्या गाड्या थांबल्या तरी लोकल असते. भिवंडीत एसटी थांबली की उरतात त्या शेअर रिक्षा आणि खासगी गाड्या, त्यांच्या मनमानी भाड्यांसह. अशा वेळी चालकाचा संपाचा हक्क आणि मजुराची कामावर पोहोचण्याची निकड यांत संघर्ष असल्याचे चित्र उभे राहते. वास्तविक दोघांची अडचण एकाच ठिकाणाहून येते. सेवेचा खर्च तिकिटाच्या उत्पन्नातून भागवावा, अशी अपेक्षा आहे. मग तोटा वाढला की एक तर तिकीट वाढते, नाही तर पगार थांबतो.

नव्या बसगाड्या बहुतेक ठिकाणी ठेकेदारी पद्धतीने येत आहेत. या पद्धतीत गाडी आणि चालक ठेकेदाराचे असतात, आणि सार्वजनिक संस्था त्याला प्रति किलोमीटर दराने पैसे देते. प्रवाशाला गाडीचा रंग आणि क्रमांक सार्वजनिक संस्थेचाच दिसतो. चालकाचे नियुक्तिपत्र मात्र दुसऱ्याचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टसाठी भाडेतत्त्वावर चालणाऱ्या गाड्यांच्या चालकांनी वेतनवाढीसाठी अनेक दिवस काम बंद ठेवले, तेव्हा मालक नेमका कोण, हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. प्रति किलोमीटर दर ठरवताना चालकाचे वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि रजा यांसाठी पुरेशी तरतूद आहे की नाही, हे निविदेतच ठरते. करार झाल्यावर त्यात बदल करणे कठीण असते.

मोटर परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, साप्ताहिक सुट्टी या त्यातील प्रमुख तरतुदी. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी दिवसाला दहा तासांपर्यंत मुभा होती. भिवंडीच्या गोदामांतून माल नेणाऱ्या असंख्य ट्रक-टेम्पोंचे मालक एक-दोन गाड्यांचेच धनी असतात. त्यामुळे त्यांचे चालक या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. यंत्रमागांच्या बाबतीत दहा कामगारांची मर्यादा जे करते, तेच येथे पाचाची मर्यादा करते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये हे दोन्ही कायदे विलीन करण्यात आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठीची मर्यादा दहावरून वीसपर्यंत वाढली आहे. लहान यंत्रमाग कारखान्यांचा विचार करता या बदलाने संरक्षणाची कक्षा विस्तारत नाही, आकसते.

रिक्षाचालकाची स्थिती याहून वेगळी आहे. कागदोपत्री तो स्वयंरोजगारित आहे. प्रत्यक्षात स्वतःच्या मालकीची रिक्षा चालवणारे आणि दुसऱ्याची रिक्षा पाळीवर घेऊन रोजचे ठरावीक भाडे मालकाला देणारे, असे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गातील चालकाला मालकाचे भाडे आणि सीएनजीचा खर्च सुटेपर्यंत स्वतःची कमाई सुरू होत नाही. चौथी सीट भरण्यामागे बहुधा हेच गणित असते. २०१७ मध्ये राज्य सरकारने रिक्षा परवान्यांच्या संख्येवरील निर्बंध उठवले. त्यानंतर रिक्षांची संख्या वाढली. प्रवाशांना गाड्या सहज मिळू लागल्या, तशी नाक्यांवरची स्पर्धा आणि कोंडीही वाढली. २०२४ मध्ये राज्याने रिक्षा व मीटर टॅक्सी चालकांसाठी धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाने कल्याणकारी मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव उल्लेखनीय आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने एकाच मालकाकडे कायम नसलेल्या श्रमिकालाही मंडळामार्फत वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि वैद्यकीय मदत मिळण्याची व्यवस्था केली. मालक अनेक आणि लहान असले तरी हक्क एका ठिकाणी गोळा करता येतात, हे या कायद्याने दाखवले. पाळीवरच्या रिक्षाचालकासाठी किंवा एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील ट्रकचालकासाठी अशी रचना झालेली नाही. गोदामांतील मजूरही सरसकट माथाडी मंडळाकडे नोंदलेले नसतात. कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुरांचा मोठा वर्ग त्याबाहेर आहे.

कामावर जाण्या-येण्याचा हक्क

प्रवास हा कामाचा भाग मानावा की कामगाराची खासगी बाब, यावर कामगार कायद्यांचा कल हळूहळू बदलत गेला आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात २०१० मध्ये घातलेल्या कलम ५१-ई नुसार घर ते कामाचे ठिकाण या प्रवासात झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामादरम्यानचा अपघात समजला जात असे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ लाही लागू केले. ते प्रकरण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. २००३ मध्ये रात्रपाळीसाठी निघालेल्या त्या कामगाराचा वाटेतच मृत्यू झाला होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद समाविष्ट आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी नोकरीचा पुरावा मात्र लागतो, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराकडे किंवा कंत्राटदाराच्या तोंडी बोलावण्यावर आलेल्या हमालाकडे नेमका तोच नसतो.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये गोदामांचाही समावेश होतो. या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीने काम देता येते. मात्र त्यासाठी सुरक्षिततेबरोबरच घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करावी लागते. मोठ्या कंपन्यांची गोदामे कामगारांसाठी बस ठेवतात. रात्री सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नसलेल्या परिसरात अशी बस असणे-नसणे यावर स्त्रियांना ते काम स्वीकारता येते की नाही, हे ठरते. लहान गोदामांत टेम्पोच्या हौद्यात बसून जाणारे मजूर दिसतात. मालवाहू वाहनातून अशी प्रवासी वाहतूक करणे मोटार वाहन कायद्याने निषिद्ध आहे.

टाळेबंदीतील अनुभव

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. यंत्रमाग थांबले, मीटरवरची मजुरी बंद झाली आणि गाड्याही बंद होत्या. हजारो परप्रांतीय कामगार मुंबई-नाशिक महामार्गाने पडघा, शहापूर, कसारा घाट असे पायी निघाले. मे महिन्याच्या सुरुवातीस भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सोडण्यात आली. शहराच्या रोजच्या प्रवासात दुय्यम राहिलेले स्थानक या निमित्ताने देशाच्या बातम्यांत आले. गाड्यांसाठी नोंदणी, वैद्यकीय दाखला आणि पोलीस ठाण्यापुढील रांगा यांत अनेकांचे दिवस गेले. २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित कामगारांकडून रेल्वे किंवा बसचे भाडे घेऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. पुढच्या काही महिन्यांत माग पुन्हा सुरू झाले, तेव्हा कामगारांना परत आणण्याचा खर्च कोणी करायचा, याबाबत असा कोणताही आदेश नव्हता.

मेट्रो मार्गिका ५

ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गिका ५ ला राज्य शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मान्यता दिली. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. मूळ आराखड्यानुसार मार्गिकेची लांबी २४.९ किलोमीटर, स्थानके १७ आणि खर्च सुमारे ८,४१६ कोटी रुपये होता. हा प्रकल्प एमएमआरडीए राबवत आहे. ठाण्यातील कापूरबावडी ते धामणकर नाका हा पहिला टप्पा उन्नत आहे. त्यापुढे शहराच्या दाट वस्तीतून रस्ता रुंद करून उन्नत मार्ग नेल्यास मोठ्या प्रमाणावर घरे आणि दुकाने विस्थापित झाली असती. त्यामुळे धामणकर नाका ते टेमघर हा भाग भुयारी करण्याचे ठरले. पहिल्या टप्प्याच्या तुलनेत दुसरा टप्पा मागे राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कशेळी, काल्हेर, पूर्णा आणि अंजूरफाटा ही पहिल्या टप्प्यातील स्थानके गोदामांच्या पट्ट्यातच येतात. ठाण्याहून येणाऱ्या गोदाम कर्मचाऱ्याला तिचा थेट उपयोग होईल. यंत्रमागांच्या वस्त्यांचा प्रश्न निराळा आहे. शांतीनगर, गैबीनगर किंवा पद्मानगरातून स्थानकापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा शेअर रिक्षाच लागणार आहे, आणि दोन साधनांचे भाडे रोजच्या मजुरीतून द्यावे लागणार आहे. स्थानकांना जोडणाऱ्या पूरक बसगाड्या चालवायच्या तर त्या कोणी चालवायच्या, हा प्रश्न पुन्हा कलम ६६ पाशी येऊन थांबतो. मुंबईत सुरू झालेल्या मेट्रो मार्गिकांची सेवा साधारणतः पहाटेपासून रात्री अकराच्या सुमारापर्यंत असते. गोदामांतील दुसरी पाळी अनेक ठिकाणी त्यानंतर सुटते.